सात ते नऊ

आमच्या कार्यालयात सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते तिथेच राहिलं. नवीन रुजू झालेला माणूसही दुसऱ्या दिवसापासून काकाच म्हणायला लागायचा. शहराच्या वाहतूक नियोजन विभागात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसरं टेबल त्यांचं आणि त्यांच्या समोरचं माझं. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. ते माणसं मोजायचे, मी अहवाल लिहायचे. "मी उघडा आकडा देतो, तुम्ही त्याला कपडे घाला," असं ते म्हणत. मस्करीच्या लहरीत असले की मला लेखिकाबाई म्हणत, आणि अहवाल परत आला की नुसतं बाई.

मोजल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मुठीत मावणारं, अंगठ्यानं खटका दाबला की एक आकडा पुढे जाणारं यंत्र त्यांच्या खिशात कायम असायचं. कामाच्या वेळी ते रस्त्यावर माणसं मोजायचे आणि बैठकीत टेबलाखाली साहेबांचे शब्द मोजायचे. आमचे साहेब एका तासात चौदा वेळा 'तत्त्वतः' म्हणाले होते, हा आकडा काकांनी मला चिठ्ठीवर लिहून दिला होता. मला हसू आवरेना म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले. साहेबांना वाटलं मला बरं नाही, आणि त्यांनी मला अर्ध्या दिवसाची सुटी दिली.

आता कामाचं सांगते, कारण कामाशिवाय काकांचं काही सांगताच येत नाही. आमच्या शहरात दोन डब्यांची, रस्त्यातूनच रुळांवर धावणारी विजेची गाडी आहे. कागदोपत्री तिला लाइट रेल म्हणतात, लोक म्हणतात छोटी गाडी. ती बाजारापाशी संपायची. तिथून विमानतळ नऊ किलोमीटर. ते नऊ किलोमीटर रूळ वाढवायचे, एवढं एक काम सतरा वर्षं भिजत घोंगडं होऊन पडलं होतं. निम्मे पैसे वरच्या सरकारच्या निधीतून, पाव विमानतळाचे, पाव शहराचे, अशी वाटणी होती. तिघेही द्यायला तयार होते, फक्त एकाच वेळी कधीच नाही. सरकार हो म्हणालं तेव्हा विमानतळाची नवी इमारत चालली होती, विमानतळ हो म्हणाला तेव्हा शहराच्या निवडणुका होत्या. दर वेळी नव्यानं मोजणी व्हायची, आणि नव्यानं अहवाल. मी असे नऊ अहवाल लिहिले. सहाव्यानंतर मी प्रस्तावना बदलणं सोडून दिलं आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मोजणीची पद्धत मात्र पहिल्यापासून एकच होती, आणि ती काकांची होती. ते नोकरीला लागले तेव्हा मोजणीदारांच्या जादा भत्त्यावरून तेव्हाचे साहेब वैतागले होते. काकांनी एका दुपारी बसून तोडगा काढला. मोजणी सकाळी सात ते रात्री नऊ. पहिली पाळी सात ते दोन, दुसरी दोन ते नऊ, दोन माणसं, सात-सात तास, भत्त्याचा प्रश्नच मिटला. शिवाय विमानतळाकडे जाणारेच मोजायचे, येणारे तेवढेच धरायचे, म्हणजे माणसं निम्मी लागतात. साहेबांनी पाठ थोपटली. ते टिपण पुढे नियम झालं, आणि माझ्या अहवालात त्याचं नाव झालं 'प्रातिनिधिक दिवस'. हा शब्द माझा. तेव्हा मला तो भारी वाटला होता.

काकू विमानतळावरच कामाला होत्या. विमानात प्रवाशापुढे जे झाकलेलं ताट येतं, ती ताटं भरणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. हे स्वयंपाकघर विमानतळाच्या मागच्या अंगाला, फाटक क्रमांक चारच्या आत. प्रवासी ज्या दारानं जातात तिथून अडीच किलोमीटर, कुंपणाच्या कडेकडेनं. कपडे धुण्याचं काम, सामान चढवणारे, विमानं झाडणारे, सगळे त्याच फाटकानं आत जातात. पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची. काकू पावणेचारला घर सोडायच्या. एक बस आगारापर्यंत, मग एकतीस नंबर, ती थेट फाटकापाशी थांबायची. काकांची झोपमोड नको म्हणून गजर त्या उशीखाली ठेवायच्या. "बावीस वर्षांत मी हिला कामाला जाताना पाहिलेलं नाही," असं काका एकदा मला म्हणाले होते. त्यांना त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

काकूंचा डावा गुडघा गेला होता. बसच्या तीन पायऱ्या त्या आडव्या होऊन उतरायच्या, आधी उजवा पाय, मग दांडा धरून दुसरा. छोट्या गाडीची जमीन आणि थांब्याचा ओटा एका पातळीत असतो, चढायला पायरीच नाही. विस्तारात फाटक क्रमांक चारला थांबा होता. मी एकदा त्यांच्या घरी गेले असता काकूंनी मला निधी, वाटणी, अहवाल यातलं काहीही विचारलं नाही. "पायरी नाही म्हणतात, खरं का?" एवढंच विचारलं. मी खरं म्हणाले. त्यावर त्यांनी "मग लवकर करा की, तुमचं काय चाललंय," असं म्हणून माझ्यापुढे चहा ठेवला.

आणि मग खरंच तिघेही एकाच वेळी हो म्हणाले. निधीचा अर्ज महिनाअखेर द्यायचा होता. सरकारनं तपासायला एक सल्लागार पाठवला. तरुण, शांत, लॅपटॉप उघडताना त्याखाली रुमाल पसरणारा. दर वाक्यात गुणोत्तर म्हणायचा, म्हणून काकांनी त्याचं नाव गुणोत्तर ठेवलं. गुणोत्तर म्हणजे फायदा भागिले खर्च. उत्तर एकापेक्षा जास्त आलं तर पैसे, कमी आलं तर नमस्कार. आमचं उत्तर आलं शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव.

"एक थांबा कमी केला तर जमतं," गुणोत्तर म्हणाला. "फाटक चार. तिथे दिवसाला दोनशे शहाऐंशी माणसं आहेत. त्यांच्यासाठी विमानाला जाणाऱ्या अकरा हजार माणसांची नव्वद नव्वद सेकंदं जातात. तो काढा, एक पूर्णांक तीन होतं."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. "आकडा तुमचाच ना?"

"माझाच," काका म्हणाले.

बैठक तिथेच संपली. काका जागेवर येऊन बसले, नकाशाच्या गुंडाळीला रबर लावलं आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या एका पुलाची कामं करत राहिले. त्यांना वाईट वाटलं असणार, पण आकडा त्यांचा होता आणि आकड्यावर ते कधी रुसले नाहीत. घरी जाऊन काकूंना समजावून सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले ते थेट माझ्या टेबलाशी.

"काल हिला सांगितलं, थांबा गेला म्हणून," ते म्हणाले. "म्हटलं, तुमच्या फाटकावर माणसंच नाहीत, दोनशे शहाऐंशी. तर ही हसायला लागली. म्हणाली, नुसत्या आमच्या स्वयंपाकघरात चारशे आहेत."

"मग?"

"मग म्हणाली, तुम्ही मोजता कधी? मी म्हटलं सातला सुरू करतो. ती म्हणाली, सातला? सातला आमची चहाची सुट्टी होते."

काकांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"पहाटेची पाळी पाचची. रात्रीची साडेनऊची," ते म्हणाले. "मधली एकची, ती सगळ्यात लहान. आपण फक्त तीच मोजली. सतरा वर्षं."

"येणारे मोजले असते तर दिसले असते," मी म्हणाले.

"येणारे आपण धरतो," काका म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. एखादा चुकलेला पत्ता सांगावा तसं ते सांगत होते. मग म्हणाले, "हिनं आधीही सांगितलं होतं मला, दोन हजार माणसं असतात म्हणून. मी म्हणायचो, तुला चार डोकी दिसली की गर्दी वाटते." आणि जागेवर जाऊन बसले.

त्या आठवड्यात त्यांनी कोणाला न विचारता दोन दिवस पहाटे फाटकावर जाऊन मोजणी केली. तिसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून मला बोलावलं; ते त्यांच्या स्कूटरनं आले, मी रिक्षानं. आम्ही साडेचारला पोहोचलो. फाटकावर एकच मोठा दिवा, कुंपणापलीकडे विमानाच्या शेपटीचा लाल ठिपका. पहिली एकतीस नंबर आली आणि दोन्ही दारांतून माणसं उतरायला लागली. बायका जास्त. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पास काढायचा, पहारेकऱ्यापुढे धरायचा, पुढे. नंतर मागोमाग बसच बस, कंपन्यांच्या दोन गाड्या, सायकलींची रांग. काकांचा अंगठा थांबत नव्हता. मी सायकली मोजत होते आणि साठनंतर माझी चूक झाली.

"काकूंना स्कूटरवर का नाही आणलंत?" मी मध्येच विचारलं.

"बसच्या प्रवाशांत एक कमी भरला असता," काका म्हणाले.

ते मस्करी करत नव्हते. बायकोचा गुडघा त्यांना माहीत होता, रिकामी मागची सीट घेऊन ते त्याच रस्त्यानं आले होते, आणि आकड्याला धक्का लागू नये म्हणून त्यांनी तिला बसनं पाठवलं होतं. मला रागही आला नाही. तीन तास झोप झाली होती आणि बोटं गारठली होती.

काकू चौथ्या बसमधून उतरल्या, आडव्या होऊन, दांडा धरून. मागचे लोक थांबून राहिले, सवयीनं. त्यांनी आम्हाला पाहिलं. काकांनी खटका दाबला. काकू जवळून जाताना म्हणाल्या, "मोजलंत का?" काका म्हणाले, "हो." त्या पास काढून आत गेल्या. त्या दिवशीचा एकूण आकडा एक हजार नऊशे बावीस. आधीच्या दोन दिवसांचे एक हजार नऊशे चौदा आणि एक हजार आठशे सत्त्याण्णव.

साहेबांनी तिन्ही कागद वाचले. ते वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. नीट वाचले, दोनदा.

"तत्त्वतः तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

काकांचा हात खिशाकडे गेला नाही.

"पण हे एका फाटकाचं झालं. पद्धत बदलायची तर पाचही थांब्यांची मोजणी नव्यानं करावी लागेल. किती दिवस?"

"आठ महिने," काका म्हणाले.

"अर्ज किती दिवसांत द्यायचाय?"

"अकरा."

"मग तुम्हीच सांगा मला," साहेब म्हणाले. त्यांनी पंखा बंद केला, कारण कागद उडत होते. "आता विस्तार आहे, चार थांब्यांचा. रुग्णालय आहे त्यात, कॉलेजं आहेत. नाही तर काहीच नाही, आणि पुढच्या वेळी तुम्हीही नसाल, मीही नसेन. मोजणीच्या दाखल्यावर तुमची सही लागणार. विचार करा."

दाखला एका पानाचा असतो. 'मोजणी पद्धत योग्य असून मोजणी पूर्ण आहे', खाली सही. इतकी वर्षं काका तो न वाचता सही करून माझ्याकडे सरकवायचे. या वेळी त्यांनी अख्खा अहवाल मागितला. मी आकड्यांना घातलेले कपडे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, फक्त आकडे तपासायचे. दोनशे चाळीस पानं घेऊन ते तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी पान उलटं धरून माझ्यासमोर ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

मी वाचलं. 'विस्तार सुरू झाल्यानंतर समांतर बससेवा (मार्ग क्रमांक ३१) बंद करणे शक्य होईल व त्यातून वार्षिक बचत होईल.'

"मी," मी म्हणाले.

"कधी?"

"सहा वर्षांपूर्वी. पाचव्या अहवालात. फायद्याची बाजू कमी पडत होती."

"आता ते आहे गुणोत्तरात?"

"आहे. ते काढलं तर पुन्हा एकाच्या खाली."

मी ते वाक्य लिहिलं तेव्हा एकतीस नंबरनं कोण जातं हे मला ठाऊक होतं. म्हणजे काकू बसनं जातात हे ठाऊक होतं, बसचा नंबरही ऐकला होता. पण लिहिताना ती एक ओळ होती. आणि तेव्हा फाटकावर थांबा होता, गाडी आली की बस लागणारच नव्हती. पुढे थांबा गेला तरी ओळ तशीच राहिली. मला लाज वाटायला हवी होती. मी आत शोधून पाहिली, सापडली नाही. सापडायला बरीच वर्षं लागली, आणि सापडली तेव्हा तिचा कोणाला उपयोग नव्हता.

"काकूंना विचारलंत?" मी म्हणाले.

"थांब्याचं सगळं सांगितलं. म्हणाली, करा सही. रुग्णालयापर्यंत तरी लोकांची सोय होईल. माझी बस आहे."

"बसचं?"

"नाही सांगितलं."

मला वाटलं ते आता सांगतील, निदान संध्याकाळी. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि दाखल्यावर 'मोजणी पूर्ण आहे' यातल्या 'पूर्ण'च्या आधी, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, 'सकाळी सात ते रात्री नऊ या वेळेपुरती'. मग सही केली. साहेबांनी ते पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "असू दे," म्हणाले. गुणोत्तरनंही पाहिलं आणि त्याच्या रकान्यात 'दाखला जोडला आहे' अशी खूण केली. काकांना वाटत होतं वरचं कोणीतरी त्या सात शब्दांवर बोट ठेवेल आणि विचारेल, म्हणजे काय? दोन महिने ते टपालाची वाट बघायचे. फोन वाजला की मान वर करायचे. मग मंजुरीचं पत्र आलं. सगळे पैसे, तिन्ही वाट्यांचे. कार्यालयात टाळ्या वाजल्या, काकांनीही वाजवल्या. त्या शब्दांबद्दल कोणीही, कधीही, काहीही विचारलं नाही.

रूळ टाकायला साडेतीन वर्षं लागली. त्या काळात काका आणि मी पूर्वीसारखेच बसत होतो, पण चिठ्ठ्या बंद झाल्या. ते मला लेखिकाबाईही म्हणेनासे झाले. भांडण नव्हतं. मी माझा डबा उघडायचे, ते त्यांचा उघडायचे, आणि खिडकीबाहेर बघत आम्ही जेवायचो. विस्तार सुरू व्हायच्या महिनाभर आधी ते निवृत्त झाले. निरोपाला साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणात काका म्हणाले, "सगळ्यांचे आभार," आणि बसले.

गाडी सुरू झाली त्याच सोमवारी एकतीस नंबर बंद झाली. छोटी गाडी फाटक चारसमोरून जाते, थांबत नाही. थांबली असती तरी पाचच्या पाळीला तिचा उपयोग नव्हता, कारण पहिली गाडी बाजारातून सहाला सुटते. सातच्या आधी मोजणीत माणूसच नव्हता, तर वेळापत्रकवाल्यांनी गाडी कोणासाठी सोडायची? ते वेळापत्रकही माझ्या टेबलावरून गेलं होतं. त्यावर मी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या होत्या.

पाचेक महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. काकांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर एक सही राहिली होती, ते निमित्त. सकाळी अकराची वेळ, आणि दार काकूंनी उघडलं. कामाच्या दिवशी, त्या वेळी त्या घरी असणं मला इतकं चमत्कारिक वाटलं की मी दारातच विचारलं, "बरं नाही का?"

"बरी आहे. या ना आत," काकू म्हणाल्या.

काका खुर्चीत होते. कपाळावर बरी होत आलेली खरचटल्याची खूण. त्यांनी कागद घेतला, चष्मा शोधायला लागले. काकू माझ्यासमोर बसल्या, गुडघ्याखाली उशी घेऊन.

"सोडली नोकरी," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात."

"का?"

"बस बंद झाल्याचं मला बसमध्येच कळलं. ड्रायव्हरच्या मागे कागद चिकटवला होता. घरी येऊन यांना म्हटलं, तर म्हणाले, मी सोडेन तुला स्कूटरनं. तुम्ही बसचं मला सांगितलं नव्हतंत, असं मी म्हटलं नाही. तेही काही बोलले नाहीत." त्यांनी काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते. "रोज साडेतीनला उठायचे माझ्याबरोबर. या वयात कुठे सवय होते. गाडीवर डोळा लागायचा. दोनदा कुंपणाला घासलो. मग मी मागे बसून बोलत राहायचे, झोपू नयेत म्हणून. ताटं भरायच्या आमच्या पट्ट्यावर कोण काय म्हणालं, कोणाच्या मुलीचं काय झालं, सगळं. एवढं मी लग्न झाल्यापासून कधी बोलले नव्हते. पंधरा दिवसांत विषयच संपले."

"आणि मग?"

"मग हे पडले. मी नव्हते, मला सोडून परत येताना. बोलायला कोणी नव्हतं मागे." त्या उशी सरळ करत म्हणाल्या, "त्या दिवशी मी सोडून दिली. अकरा जणी होत्या माझ्या हाताखाली. त्यांतल्या चौघींनी माझ्या आधीच सोडली होती."

काकांनी सही करून कागद माझ्याकडे दिला. तारीख घालायची राहिली होती, मी ती दाखवली, त्यांनी घातली. मला त्या दोघांना काहीतरी म्हणायचं होतं. निदान, ती ओळ माझी होती, एवढं तरी. शब्द जुळवायचं काम मी आयुष्यभर केलं, आणि मला तेवढं एक वाक्य जमलं नाही. मी विचारलं, "छोट्या गाडीत बसलात का मग एकदा? पायरी नाही अजिबात."

"हे म्हणत असतात, चल, विमानतळापर्यंत जाऊन येऊ," काकू म्हणाल्या. "पण तिथे आता माझं काय काम आहे?"

काका म्हणाले, "ते बरोबर आहे." मग ते उठले आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेले.